दुष्काळाची टंचाई

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

महाराष्ट्राच्या कायद्यांच्या यादीत १९६३ सालचा एक लहानसा कायदा आहे. या कायद्याने कुणावर कर बसवला नाही, कुणाची जमीन घेतली नाही, कुणाला शिक्षा सांगितली नाही. त्याने फक्त एक शब्द काढून टाकला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांत जिथे जिथे 'फॅमिन', म्हणजे दुष्काळ, असा शब्द असेल तिथे तो खोडायचा आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, असं वाचायचं. दुष्काळ ही संज्ञा वगळण्यासाठी केलेला कायदा, असं त्याच्या नावातच म्हटलेलं आहे.

राजकारणातले नवे शब्द म्हटलं की आपल्याला गाजलेले शब्द आठवतात. १९६७ साली हरियाणातून आलेलं आयाराम-गयाराम. १९७८ चं पुलोद. अलीकडचे खोके. हे शब्द वाजतगाजत येतात, आपण हसतो, आणि पुढची निवडणूक आली की नवे शब्द घेऊन बसतो. मला आज बोलायचं आहे ते फायलीतून गुपचूप आलेल्या शब्दांबद्दल. हे शब्द भाषणात टाळ्या मिळवत नाहीत. पण गावात टँकर येणार की नाही, सारा माफ होणार की नाही, मुलांची परीक्षा फी भरायची की नाही, हे त्यांच्यावर ठरतं. मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे, साधा बी.ए. झालेला माणूस. पण कविता लिहिणाऱ्याला शब्द बदलला की खुपतं, एवढ्याच अधिकारावर हे बोलतो आहे.

आधी जुन्या शब्दाकडे पाहू. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. त्यात पाऊस नाही, पीक नाही, आकडा नाही. नुसता काळ वाईट आला. आपल्याकडच्या लोकांनी या वाईट काळांना माणसांसारखी नावं ठेवली. चौदाव्या शतकाच्या अखेरीचा तो दुर्गादेवीचा दुष्काळ, बारा वर्षं चालला असं परंपरा सांगते. पंधराव्या शतकातला तो दामाजीपंतांचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बहामनी बादशहाची धान्याची कोठारं भुकेल्यांना लुटू दिली, आणि विठू महाराच्या रूपात विठोबा बिदरला जाऊन ती रक्कम भरून आला, अशी ही कथा. मला या कथेत नेहमी एक गोष्ट मोलाची वाटते. कोठार कुणाचं, हुकूम कुणाचा आणि भूक कुणाची, हे तिन्ही प्रश्न तिच्यात आहेत. पुढे १६३० च्या दुष्काळाने तर तुकोबांचं घरच मोडलं.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. माझी दादी तारीख कधी सांगत नसे. 'काल पड्या सो साल' म्हणे, म्हणजे काळ पडला ते वर्ष. किताबी उर्दूतला शब्द 'कहत', पण तो तिच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. पाथर्डीच्या बाजूला हिंदू-मुसलमान सगळे काळच म्हणत.

राज्यकर्त्यांचे शब्द मात्र बदलत राहिले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, आणि पेशवा, मुजुमदार, सुरनीस यांच्या जागी मुख्य प्रधान, अमात्य, सचिव आले. पण रयतेशी रोज संबंध येणारे शब्द त्या कोशालाही हलवता आले नाहीत. तगाई राहिली, माफी राहिली, वसूल आणि जप्ती राहिली. तगाई हा शब्द अरबी, मुळातला अर्थ बळ देणं. बैल मेला, बियाणं संपलं, तर सरकारने शेतकऱ्याला पुन्हा उभं राहायला दिलेलं बळ. १६७६ साली महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. ज्याच्याकडे मनुष्यबळ आहे पण बैल नाहीत, दाणे नाहीत, त्याला ते द्यावेत, असा त्याचा भाव आहे. शब्द कुठल्या भाषेतून आला याचं शेतकऱ्याला सोयरसुतक नव्हतं. त्याला बैल मिळाला की नाही, एवढंच त्याच्यासाठी महत्त्वाचं होतं.

दुष्काळ हा कायद्याचा शब्द झाला तो इंग्रजांच्या काळात. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळात दख्खन उजाड झालं. त्यानंतर सरकारने दुष्काळ आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे फॅमिन कोड, तयार झाली. दुष्काळ जाहीर झाला की कामं काढायची, मजुरी द्यायची, सारा तहकूब करायचा, असं तिच्यात लिहिलेलं होतं. म्हणजे या शब्दाला पहिल्यांदा किंमत आली. आणि ज्या शब्दाला किंमत असते तो शब्द खर्च करताना सरकारचा हात आखडतो.

ही किंमत ओळखली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सभा टिळकांच्या प्रभावाखाली होती. सभेच्या माणसांनी या संहितेतल्या तरतुदी मराठीत करून गावोगाव वाटल्या. सरकारचाच कायदा, सरकारच्याच प्रजेला समजेल अशा भाषेत. एवढंच. पण सरकारला ते इतकं लागलं की १८९७ साली त्याने सभेची मान्यता काढून घेतली.

त्याच काळातला दुसरा शब्द आणेवारी. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि त्या मानाने यंदा किती आणे पिकलं याचा अंदाज म्हणजे आणेवारी. चार आण्यांच्या खाली पीक असेल तर पूर्ण सारा तहकूब, असा मुंबई इलाख्यातला नियम होता. १९१८ चा गांधीजींचा खेडा सत्याग्रह आपण शाळेत शिकतो, पण तिथला मूळ तंटा आणेवारीचाच होता. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत, अधिकारी म्हणत वर. पुढे १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत ती आली की गाव टंचाईत. नाणी बदलली, तंटा तोच राहिला.

आता १९६३ कडे परत येऊ. नवं राज्य होऊन तीनच वर्षं झाली होती. या कायद्यामागची भूमिका अगदीच वाईट होती असं मी म्हणणार नाही. पिकांवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच मदत सुरू होते, त्यामुळे दुष्काळ पडण्याची वेळच आता येत नाही, असा तिचा आशय होता. स्वतंत्र देशात माणसं भुकेने मरणार नाहीत, हा निर्धार त्यात होता, आणि असा निर्धार करणाऱ्यांचा मला आदर वाटतो. पण निर्धार करणं वेगळं आणि शब्द खोडणं वेगळं. टंचाई हा आपला बाजारातला शब्द. टंचाई साखरेची होते, रॉकेलची होते, सुट्या पैशांची होते. टंचाई झाली की माणूस रांगेत उभा राहतो. दुष्काळ पडला की गाव सोडतो.

नऊ वर्षांनी, १९७२ साली, माझ्या वडिलांनी गाव सोडलं. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, त्यामुळे हे सगळं ऐकीव. आमचं घर पिंजाऱ्याचं. शेतकऱ्याच्या घरी पीक आलं की लग्नं निघतात, लग्नं निघाली की गाद्या भरल्या जातात, आणि गाद्या भरल्या की पिंजाऱ्याच्या घरी चूल पेटते. शेतकऱ्याचं पीक बुडालं त्याची आणेवारी निघाली. पिंजाऱ्याच्या धनुकलीची आणेवारी कुठल्याच कागदावर नव्हती. सुताराची नव्हती, कुंभाराची नव्हती, बलुतेदारांपैकी कुणाचीच नव्हती. वडील श्रीरामपूरला आले कारण इकडे पाणी होतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि प्रवरेचे कालवे वाहू लागले. हरेगाव, टिळकनगर, पुढे लोणी, असे कारखाने उभे राहिले. हे कालवेही मुळात दुष्काळापासून संरक्षण म्हणून काढलेले. दख्खनमधल्या दुष्काळांनी हादरलेल्या सरकारने बाजरी-ज्वारी वाचवायला पाणी आणलं आणि त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. जिल्ह्याच्या एका टोकाला मळे आणि दुसऱ्या टोकाला ते तोडायला येणारी माणसं, ही आमच्या नगर जिल्ह्याची, आताच्या अहिल्यानगरची, विभागणी तिथून पक्की झाली. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडे 'एक कोयता' म्हणतात. हाही शब्द कुणीतरी पाडलाच. दोन माणसं मोजायची आणि नाव हत्याराचं सांगायचं.

अम्मा मात्र वर्षभर गावाकडेच राहिली आणि खडी फोडायला गेली. सरकारी कागदावर ते टंचाई निवारणाचं काम होतं. पण त्या कामावरच्या एकाही बाईने त्याला टंचाईचं काम म्हटलं नाही. ते 'दुष्काळी काम'. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, आणि पन्नास लाख माणसं एखाद्या शब्दाला नाही म्हणाली की कायद्याला तो त्यांच्या तोंडी बसवता येत नाही. सुकडी, मिलो, मस्टर, पाझर तलाव हे त्या वर्षाचे बाकीचे शब्द. बहात्तरचा उल्लेख आजही कुणी बहात्तरची टंचाई असा करत नाही.

त्याच वर्षांनी एक चांगला शब्द दिला, तोही सांगायला हवा. रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. 'रोजगार' फारसी, 'हमी' अरबी, आणि दोन्ही अस्सल मराठी. मदत म्हटलं की देणाऱ्याचा हात वर असतो, हमी म्हटलं की घेणाऱ्याला जाब विचारता येतो. पुढे शेतकरी चळवळींच्या तोंडी हमीभाव हा शब्द रुळला तोही याच घरातला. २००५ साली केंद्राने कामाच्या हक्काचा कायदा केला, त्याची मुळं महाराष्ट्राच्या या हमीत होती.

त्यानंतरची कागदोपत्री मराठी मात्र वेगळ्याच वाटेने गेली. टंचाई हा शब्दही जड वाटू लागला आणि त्याला शेपूट लागलं. टंचाईसदृश परिस्थिती. मग दुष्काळसदृश. इथे मला कवी म्हणून थोडा हक्क सांगू द्या. सदृश हा शब्द अलंकारशास्त्रातला. मुख चंद्रासदृश आहे असं आम्ही म्हणतो तेव्हा ते मुख चंद्र नाही, हे ऐकणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं. दोन वेगळ्या वस्तू असल्याशिवाय उपमा होतच नाही. तेव्हा परिस्थिती दुष्काळसदृश आहे असं परिपत्रक म्हणतं, त्याचा व्याकरणशुद्ध अर्थ असा की हा दुष्काळ नव्हे. मंत्रालयात कुणीतरी उपमा अलंकार फार चांगला जाणणारा बसला असला पाहिजे.

ऑक्टोबर २०१५ मध्ये राज्याने १४,७०८ गावांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. अखेर मे २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची वेळ आल्यानंतर, सरकारने सांगितलं की आधीच्या आदेशांत जिथे दुष्काळसदृश असं म्हटलं आहे तिथे दुष्काळ असं वाचावं. तोवर गावांची संख्या २९ हजारांच्या आसपास गेली होती. १९६३ साली एक शब्द खोडून दुसरा वाचायला सांगितला होता. त्रेपन्न वर्षांनी पुन्हा एक शब्द खोडून पहिलाच वाचायला सांगितला.

त्याच वर्षी केंद्राची नवी दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली आणि तिने पैसेवारीचं महत्त्व कमी केलं. पाऊस किती, जमिनीत ओल किती, उपग्रहातून हिरवाई किती दिसते, यावरून दुष्काळ ठरू लागला. वर्तमानपत्रांत 'तालुक्याला दुसरा ट्रिगर लागू' असे मथळे आले. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं, हा घोडा नेमका कुणावर दाबलाय? ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश आणि आठवडाभरात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, ११२ तालुक्यांत गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम. 'टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९' ही त्याआधीच्या चार वर्षांतली घोषणा, तिचे फलक रस्त्याकडेला तेव्हा उभेच होते. पूर्वी सरकारी मराठीत 'ग्रस्त' फार असे, पूरग्रस्त, धरणग्रस्त, दुष्काळग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात सूर्य असतो तसा. मग 'मुक्त' आलं, टँकरमुक्त, टंचाईमुक्त. मग 'युक्त', जलयुक्त. प्रत्यय बदलायला पाऊस लागत नाही.

एक शब्द मात्र मला अजून नीट उच्चारता येत नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंब. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये ठरवले, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. मदत हवीच होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मदत द्यायची तर रकाने पाडावे लागतात, आणि रकाने पडले. पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. जमीन घरातल्या कुणाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, वसुलीचा तगादा सिद्ध व्हायला हवा. मग मृत्यू पात्र. वाट्याने दुसऱ्याचं रान कसणारा आणि बिनपरवाना सावकाराकडून पैसे घेणारा मेला, तर अपात्र. पात्र हा शब्द आपल्याकडे नाटकात असतो, स्वयंपाकघरात असतो, लग्नाच्या स्थळात असतो. मेलेल्या माणसाच्या नावापुढे तो लिहिणाऱ्याला त्या दिवशी काय वाटत असेल, हे मला खरोखर विचारायचं आहे. लिहिणारेही आपल्यातलेच असतात.

शेतकऱ्यांनीही आपले शब्द पुढे केले आहेत. आमच्या शेजारच्या पुणतांब्याहून १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शेतकऱ्याचा संप हे शब्द तोवर एकत्र ऐकायची आपल्याला सवय नव्हती. संप कामगाराचा, शेतकऱ्याचा मोर्चा. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा, तो अर्थ त्या दिवसांत आमच्याकडे परत आल्यासारखा वाटला. सरकारला कर्जाचा निर्णय घ्यावा लागला. पण त्याला म्हणायचं काय? कर्जमाफी हा शब्द शेतकरी संघटनेला जुनाच खुपत होता. माफी गुन्हेगाराला देतात, आमचा गुन्हा कोणता? २०१७ च्या योजनेच्या नावात सन्मान आला, २०१९ च्या योजनेच्या नावात कर्जमुक्ती. रक्कम दीड लाखाची दोन लाख झाली. चारचौघांत मात्र सगळे अजून कर्जमाफीच म्हणतात, मागणारेसुद्धा.

आणि आता ओला दुष्काळ. हा शब्द कुठल्या कोशकाराने घडवलेला नाही. वरवर पाहिलं तर विरोधाभास, पण दुष्काळ म्हणजे मुळात वाईट काळ, तो कोरडाच असला पाहिजे असं कुठे आहे? लोकांनी जुन्या शब्दाचा जुना अर्थ उकरून काढला आणि त्याला ओल्याचं विशेषण लावलं. सरकारी भाषेत त्याला अतिवृष्टी म्हणतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. चौसष्ट झाला तर पाऊस. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा, सोलापूर आणि आमच्या जिल्ह्याचा दक्षिण भाग पाण्याखाली गेला, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करा अशी मागणी सगळीकडून झाली. संहितेत असा शब्दच नाही, असं उत्तर आलं. ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींची मदत जाहीर झाली आणि दुष्काळाच्या वेळी देतात त्या सवलती लागू झाल्या. म्हणजे सवलती दुष्काळाच्या, शब्द मात्र नाही.

त्या पावसात शेवगावकडे माझ्या मावसभावाची कपाशी बुडाली. पंचनाम्याच्या दिवशी मी तिथे होतो. तलाठ्याचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण बांधावर सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणत होते. भाऊसाहेब चिखलात पाय रोवून मोबाइलवर फोटो काढत होते, तेही दोन रात्री झोपलेले नसावेत. नुकसानीचं कारण विचारलं तेव्हा भाऊ म्हणाला, "लिवा, दुष्काळ." भाऊसाहेब त्या पाण्याकडे बघून हसले. मग फोन त्याच्यापुढे धरून म्हणाले, "अहो, यात अतिवृष्टी आहे, पूर आहे, गारपीट आहे. यातलं एक सांगा."